सरहद्दीवरचा हौद

दिवाळी अंक वसुबारसेच्या आगेमागे वाचकांच्या हाती पडतो, तेव्हा गाई-वासरांचा विषय काढला तर संपादक रागावणार नाहीत. मात्र या गाई आपल्या ओळखीच्या नव्हेत. त्या अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेल्या रानात चरतात. तेथे त्यांना कोणी ओवाळीत नाही. वजनावर विकण्यासाठीच त्यांची वासरे वाढवतात, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचे मन दुखायला नको.

त्या सरहद्दीच्या बातम्या आपणही वाचतो. भिंतीचे छायाचित्र असते, भिंतीपुढे हात वर करून बोलणारा पुढारी असतो, कधी पोराला कडेवर घेतलेली एखादी बाई असते. त्याच भिंतीच्या पायथ्याशी गुरे चारणारा माणूस काही त्या चित्रात नसतो. ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत त्यांना व्हिसापुरता या विषयात रस. मलाही तेवढाच होता. परंतु 2025 च्या ऑगस्टमध्ये मी आणि सौ. टक्सन शहरी मुलाकडे राहायला गेलो असता त्याच्या शेजाऱ्याच्या मेहुण्याची गाठ पडली. हे गृहस्थ गुरांचे मालक. तिकडे त्यांना रँचर म्हणतात. “बाबा, तुम्हाला गुरं बघायची हौस आहे ना, मग चला,” असे म्हणून चिरंजीवांनी गाडी काढली आणि दोन तासांत आम्ही डग्लस गावाच्या अलीकडच्या त्या रानात पोचलो.

माझे आजोळ कृष्णाकाठचे. गुरे मला नवी नाहीत. पण हे रान पाहून मी गप्प झालो. पाऊस वर्षाकाठी बारा-चौदा इंच. गवत विरळ, मधूनमधून मेस्कीटची काटेरी झुडपे (आपल्याकडची वेडी बाभूळ याच घराण्यातली). एका गाईला पोटभर चरायला चाळीस-पन्नास एकर रान लागते म्हणे, कोठे त्याहूनही अधिक. साहजिकच मालकाचे रान मैलांत मोजायचे. त्यातले थोडे स्वतःचे, बाकीचे राज्य सरकारकडून आणि केंद्र सरकारकडून चराईच्या पट्ट्याने घेतलेले.

गुरे दिसली तेव्हा सौ.नेच आधी ओळखले. “अहो, यांना वशिंड आहे!” होतेच. गुजरातची गीर आणि कांकरेज, आंध्रची ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची, अशा वाणांच्या रक्तातून अमेरिकेत एक जात तयार झाली आहे. तिची वंशावळ ठेवणारा संघ 1924 साली निघाला. उन्हाने ती दबत नाही आणि गोचिडाला फारशी दाद देत नाही, म्हणून दक्षिणेकडचे मालक आपल्या कळपात तिचे रक्त मिसळतात. या जातीचे नाव अमेरिकनांनी ‘ब्रॅह्मन’ ठेवले आहे. हे ऐकून सौ.ने तोंडाला पदर लावला. असो.

गोचिडावरून पुढची गोष्ट निघाली, आणि ती मला ठाऊक नव्हती. एके काळी दक्षिणेकडची गुरे उत्तरेला हाकली की उत्तरेकडची गुरे तापाने पटापट मरत. हा ताप गोचिडातून पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 साली सिद्ध केले. 1906 साली गोचीड निर्मूलनाची मोहीम निघाली. पण मेक्सिकोतून गुरे भटकत आली की गोचीड पुन्हा हजर! तेव्हा 1909 ते 1911 च्या दरम्यान अमेरिकन सरकारच्या पशुखात्याने कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीवर तारेचे कुंपण घातले. त्या सरहद्दीवर अमेरिकन सरकारचे पहिले कुंपण ते हेच. ते गुरांसाठी होते. मेक्सिकन माणसे तेव्हा बहुधा विनासायास ये-जा करीत. सरहद्दीचे गस्ती पोलिस दल निघाले ते 1924 साली.

टेक्सासात रिओ ग्रांदे नदीच्या काठाने अजूनही सरकारी नोकर घोड्यावरून गस्त घालतात आणि नदी ओलांडून आलेले चुकार जनावर पकडतात. आमच्या म्हाताऱ्याने (त्याचे वय सत्तरीपुढचे, म्हणजे माझ्यापेक्षा फार नव्हे) हे सांगताना जरा छाती काढली. त्याच्या मते सरहद्दीचे रक्षण म्हणजे मुळात हेच.

“मग माणसांचे काय?” मी विचारले.

तो म्हणाला, माझ्या लहानपणी दक्षिणेकडून माणसे येत. गुरे गोळा करायच्या, डाग द्यायच्या दिवसांत येत, कुंपणे नीट करीत, पैसे घेऊन परत जात. कागद कोण विचारणार? यात त्याची काही वेगळी हुशारी नव्हती. कायदाच तसा होता. 1942 ते 1964 पर्यंत अमेरिकेने मेक्सिकन मजुरांना करार करून बोलावले, पंचेचाळीस लाखांवर करार झाले. 1952 च्या कायद्याने बिनपरवाना माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरवला, पण त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, असे एक कलम टेक्सासच्या जमीनदारांनी त्यात घालून घेतले! झोपायला जागा दिली तर तुरुंग, राबवून घेतले तर काही नाही. ही गंमत 1986 पर्यंत चालली. त्या वर्षी मालकालाही दंडाची तरतूद झाली आणि परदेशी शेतमजुरांसाठी हंगामी परवान्याची सोय निघाली. आता द्राक्षे हंगामी असतात, कांदा हंगामी असतो. गाय हंगामी नसते. मोकळ्या रानात गुरे-मेंढरे राखणाऱ्यांसाठी 2015 साली वेगळे नियम झाले खरे, पण चार-पाच गड्यांवर चालणाऱ्या माणसाला तो कागदांचा डोंगर उपसवत नाही. आमच्या म्हाताऱ्याकडे आता गडी एकच. बाकीचे काम तो, त्याची बायको आणि सुट्टीत येणारा नातू.

मग 1990 नंतरचा काळ आला. हे सांगताना तो थांबून थांबून बोलू लागला.

1993 साली टेक्सासातील एल पासो येथे आणि 1994 साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे सरकारने शहरांजवळची सरहद्द आवळून धरली. योजना करणाऱ्यांचा हिशेब असा, की शहरातली वाट बुजवली म्हणजे उरतील ते डोंगर आणि वाळवंट. तिकडून जायची कोणाची छाती होणार नाही. पोटाला लागले म्हणजे माणसाची छाती किती होते हे वॉशिंग्टनच्या कचेरीत बसून कळत नसावे. वाट बुजली नाही, वळली. आणि वळली ती या म्हाताऱ्यासारख्यांच्या रानात. 2000 साली टक्सन विभागात गस्ती पोलिसांनी सहा लाख सोळा हजार धरपकडी केल्या. (एकच माणूस दोन-तीनदा सापडतो, तेव्हा माणसे याहून कमी, पण न सापडलेली निराळी.) शहरांजवळची सरहद्द शांत झाली म्हणून पुढाऱ्यांनी पाठ थोपटून घेतली. त्या शांततेचे बिल येथे आले.

आता बिल म्हणजे काय, ते आपल्यासारख्या नळाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांना समजावून सांगितले पाहिजे. विहिरीचे पाणी पंपाने एका मोठ्या टाकीत चढवतात. टाकीतून नळी निघते ती मैलभर लांब असलेल्या हौदाला. हौदात एक बॉलकॉक असतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच. हौद भरला की पाणी बंद. दोन दिवस वाळवंटात चाललेला माणूस रात्री हौदाशी येतो. हौदातले पाणी हिरवे, शेवाळलेले, गुरांच्या लाळेचे. त्याला नळीतले स्वच्छ पाणी हवे असते, म्हणून तो बॉलकॉक दाबून धरतो, ओढतो, तो मोडतो. माणूस बाटल्या भरून जातो आणि मागे रात्रभर पाणी वाहते. सकाळी दहा हजार गॅलनांची टाकी कोरडी! उन्हाळ्यात एक गाय दिवसाला पंधरा-वीस गॅलन पाणी पिते. तिला पाणी नसल्याचे मालकाला दुसऱ्या दिवशी कळले तर ठीक, चौथ्या दिवशी कळले तर हौदाभोवती मेलेल्या गाई.

फाटकाचेही तसेच. उघडून गेला तो लावीत नाही. तारा तुटल्या की या रानातली गुरे त्या रानात, वळू भलत्या कालवडींत. टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या गाई चघळतात आणि मरतात. हे मात्र आपल्याला सांगायला नको. सगळ्यांत वाईट म्हणजे तुटलेल्या कुंपणातून गाय मेक्सिकोत गेली तर. आपल्याकडे जनावर कोंडवाड्यात गेले तर दंड भरून सोडवता येते. येथे दोन देशांचे खाते आहे. गाय चार पावले पलीकडे गेली की ती परदेशी ठरते. परत आणायची तर तपासणी, रोगाच्या चाचण्या, कागद, आणि तोवर वेगळे कोंडून ठेवणे. कित्येक जण तिच्यावर पाणी सोडतात.

मी म्हटले, हे सगळे करणाऱ्या माणसांचा तुम्हाला राग येत असेल. तो लगेच उत्तरला नाही. मग म्हणाला, दोन प्रकारची माणसे येतात. पाणी मागणारी, आणि पाठीवर गोण्या घेऊन बंदूकवाल्याच्या पुढे चालणारी. अंधारात दोन्ही सारखीच दिसतात.

हे तो उगीच बोलत नव्हता. 27 मार्च 2010 रोजी याच भागात गुरांच्या एका मालकाचा त्याच्याच रानात गोळ्या घालून खून झाला. तो वाटसरूंना पाणी देणारा म्हणून प्रसिद्ध होता. खुनी सापडला नाही. माग दक्षिणेकडे जात होता एवढेच. महिना उलटायच्या आत अ‍ॅरिझोनाच्या गव्हर्नरांनी परकी माणसांविरुद्ध एका कडक कायद्यावर सही केली, आणि त्याची तीन मोठी कलमे 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. उलट 2023 च्या जानेवारीत नोगालेसजवळ एका मालकाच्या रानात एक मेक्सिकन माणूस गोळीने मेला. मालकावर खुनाचा खटला झाला. एप्रिल 2024 मध्ये ज्यूरीचे एकमत होईना म्हणून तो निकालाविना संपला. या दोन प्रकरणांवर म्हाताऱ्याची बायको, जी एरवी आम्हाला लिंबाचे सरबत देण्यात गुंतली होती, एवढेच म्हणाली, की रात्री कुत्रे भुंकले की मी दिवा लावीत नाही.

आणि जे मेले ते वेगळेच. 1998 पासूनच्या पाव शतकात गस्ती पोलिसांच्याच नोंदीत आठ हजारांवर माणसे त्या सरहद्दीवर मेली. तहानेने, उन्हाने, नदीत बुडून. टेक्सासात ब्रूक्स म्हणून एक परगणा आहे. तो सरहद्दीपासून सत्तर मैल आत, पण रस्त्यावर पोलिसांचे तपासणी नाके असल्यामुळे लोक गाडीतून उतरून आजूबाजूच्या रानांतून वळसा घेतात. तेथे 2012 या एका वर्षात 129 मृतदेह सापडले. प्रेते सापडणार ती गुरे मोजायला निघालेल्या माणसाला. आमच्या म्हाताऱ्याला आजवर दोन सापडली. त्याबद्दल तो आणखी काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

सरकारी मदतीचे काय? तर गस्ती पोलिसांना सरहद्दीपासून पंचवीस मैलांपर्यंत, राहते घर सोडून, कोणाच्याही रानात वॉरंटावाचून शिरता येते. हा कायदा जुना आहे. तेही गाड्या घालतात, तेही कधीकधी फाटक उघडे टाकतात, आणि त्यांच्यावर ओरडायची सोय नाही. 2017 ते 2021 च्या दरम्यान साडेचारशे मैलांवर पोलादी भिंत झाली, ठिकठिकाणी तीस फूट उंच. तिच्यातली बरीचशी जुन्या कुंपणांच्या जागी. 2021 च्या जानेवारीत काम जागच्या जागी थांबले आणि भिंतीत भगदाडे राहिली. म्हातारा भिंतीच्या विरुद्ध नाही. गावाजवळ तिचा उपयोग होतो, म्हणतो. पण डोंगरात भिंत नेण्यासाठी जो रस्ता कापला त्याने पूर्वी कोणाला माहीत नसलेली वाट सोपी करून दिली. आणि राखणदार नसला तर भिंत ही शिडीची गिऱ्हाईक. त्याची मागणी फार साधी आहे. रानात रेडिओ आणि फोन चालावा, बोलावल्यावर तासाभरात कोणी यावे, आणि पोलिसांनी साठ मैल आत न बसता सरहद्दीवर बसावे.

2025 साली माणसे एकदम कमी झाली. डिसेंबर 2023 या एका महिन्यात दक्षिण सरहद्दीवर जवळजवळ अडीच लाख धरपकडी झाल्या होत्या. ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 या सबंध वर्षात तेवढ्या झाल्या नाहीत. म्हाताऱ्याला याचे समाधान होते, ते त्याने लपवले नाही. बॉलकॉक मोडून वर्ष होत आले, म्हणाला. फक्त त्याला जो नवा घोर लागला होता तो माशीचा.

ही माशी जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जित्या मांसावर वाढतात. जुन्या काळी नाळ न सुकलेली वासरे या माशीने हकनाक मरत. निप्लिंग आणि बुशलँड या दोन शास्त्रज्ञांनी तोड काढली ती ऐकण्यासारखी आहे. मादी आयुष्यात एकदाच संग करते. मग कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, किरणांनी त्यांतले नर वांझ करायचे आणि विमानातून सोडायचे. मादीची अंडी फुकट! अमेरिकेतून 1966 साली ही माशी गेल्याचे जाहीर झाले, मधे पुन्हा उपद्रव झाला. मग दोन्ही देशांनी मिळून तिला रेटीत नेले, 1991 पर्यंत मेक्सिको मोकळा झाला आणि पुढे पनामाच्या चिंचोळ्या पट्ट्यात तिला अडवून धरले. अमेरिकन गुरांची खरी सरहद्द कितीतरी वर्षे पनामात होती, आणि ती दोन्ही-तिन्ही शेजाऱ्यांनी मिळून राखली होती. “ते खरं कुंपण,” म्हातारा म्हणाला. “त्यात एकही खांब नव्हता.”

ते 2023 च्या सुमारास फुटले. मध्य अमेरिकेतून गुरांची चोरटी ने-आण हे त्याचे एक मोठे कारण सांगतात. नोव्हेंबर 2024 मध्ये माशी मेक्सिकोच्या दक्षिणेत सापडली आणि अमेरिकेने मेक्सिकन गुरांची आयात थांबवली. फेब्रुवारीत उघडली, मेमध्ये पुन्हा बंद केली. 7 जुलै 2025 ला डग्लसचा गुरांचा दरवाजा उघडला, आणि दोन दिवसांत बंद करण्याचा हुकूम आला.

हा दरवाजा एरवी कसा चाले, तेही पाहण्यासारखे. वर्षाला दहा लाखांवर मेक्सिकन वासरे अमेरिकेत येत. वासरू खच्ची केलेले, कानाला बिल्ला, क्षयाची चाचणी झालेली. गोचिडासाठी औषधाच्या हौदातून पोहत काढलेले, डॉक्टरने हाताने चाचपलेले, पुठ्ठ्यावर डाग दिलेले. मग रीतसर कागदानिशी ते अमेरिकेत शिरे. त्याला दरवाजापर्यंत हाकत आणणारा गुराखी मात्र अलीकडे यायचा म्हटले तर त्याला असा कोणताच हौद नाही, की ज्यातून पोहून गेले म्हणजे कागद मिळतो.

दरवाजा बंद, आणि अमेरिकेतली गुरे तर 2025 च्या आरंभी आठ कोटी सदुसष्ट लाखांवर उतरलेली. 1951 पासून इतकी कमी कधी नव्हती. साहजिकच वासरांचे भाव कडाडले. म्हाताऱ्याला जन्मात मिळाला नव्हता असा भाव मिळत होता. हे त्याने सरळ कबूल केले, आणि पलीकडे सोनोरात त्याच्या बापाच्या वेळेपासूनचे एक ओळखीचे घराणे आहे, त्यांची चारशे वासरे दरवाजाशी अडकून पडली आहेत, हेही त्याच दमात सांगितले. दर आठवड्याला त्यांचा फोन येतो. काय बोलावे ते सुचत नाही, म्हणाला.

परतताना त्याने आम्हाला हौदाशी नेले. टाकीच्या नळीला गुडघ्याइतक्या उंचीवर एक पितळी तोटी बसवली होती आणि साखळीला एक पत्र्याचा पेला. मी म्हटले, आमच्याकडे याला पाणपोई म्हणतात, पुण्याचे काम आहे. तो वैतागला. पुण्याबिण्याचे काही नाही, म्हणाला. तोटी स्वस्त पडते, बॉलकॉक महाग. शेजाऱ्यांपैकी काहींना ही तोटी पसंत नाही, त्यांचे म्हणणे तू आमंत्रण देतो आहेस. असेलही, म्हणाला; पण ते पाणी पिऊन पुढे जातात, आणि माझी टाकी भरलेली राहते.

“तो डग्लसचा दरवाजा आता कधी उघडणार?” मी विचारले.

“कोणासाठी?” त्याने विचारले.

मी वासरांसाठी म्हणालो. तेव्हा त्याने खांदे उडवले. दक्षिणेकडे ढग चढत होते. तिकडेही जुलै-ऑगस्टच्या पावसाला मान्सूनच म्हणतात, आणि तो आला की कोरडे ओढे तासाभरात दुथडी भरतात. सरकारी भिंतीतली मोठी फाटकेसुद्धा तेव्हा उघडून ठेवावी लागतात, नाहीतर पाणी भिंत घेऊन जाते. म्हाताऱ्याच्या तारांना तर पुराचे काहीच नाही. दरवर्षी वाहून जातात, दरवर्षी बांधायच्या. तो घाईत होता. आमचा निरोप घेऊन त्याने तारेचे वेटोळे आणि पक्कड गाडीत टाकली, नातवाला हाक मारली आणि ओढ्याच्या दिशेने निघाला. जाताना फाटक लावायला चिरंजीवांना दोनदा बजावले.